नाकातली नळी, इन्सुलिनचा पंप आणि शुगर २४६ : आयसीयूत नक्की काय चाललेलं असतं?

मलप्रभाकाठ | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आमचे आबा (वय ६८, गाव खानापूर तालुक्यात) न्यूमोनियानं बेळगावातल्या एका खासगी दवाखान्यात आयसीयूत आहेत. व्हेंटिलेटर लावलाय, बीपीचं औषधही पंपातून चालू आहे.

आबांना शुगर कधीच नव्हती. शेतातला माणूस, गोड म्हणजे सणाला हुग्गी. आता चार्टवर २४६, २३१, २६८ असले आकडे दिसताहेत. एका पंपातून इन्सुलिन जातंय, आणि त्याच वेळी नाकातल्या नळीतून दुधासारखं काहीतरी सोडलंय. डबा वाचला तर त्यावर माल्टोडेक्स्ट्रिन लिहिलेलं. म्हणजे आपणच साखर घालायची आणि आपणच ती उतरवायची?

धाकटा भाऊ म्हणतो, दोन दिवस नळीतलं बंद करायला सांगू, शुगर आपोआप उतरेल. मिरजेचे पाहुणे म्हणतात, डॉक्टर १७० ला "ठीक आहे" म्हणतात म्हणजे त्यांचं लक्ष नाही, नॉर्मल तर ११० असते. डॉक्टर चांगले आहेत, मराठीत बोलतात, पण राउंडला दोन मिनिटं मिळतात आणि तेवढ्यात आमची सहा माणसं सहा प्रश्न विचारतात. इथं दवाखान्यातली मंडळी आहेत म्हणून विचारतोय. आणि आईचा एक प्रश्न: घरची नाचणीची आंबील नळीतून दिली तर चालेल का?

निपाणीकर | सोमवार, रात्री १०:०५

भावा, आधी धीर धर. माझं मत विचारशील तर बंदच करायला सांग. बेशुद्ध माणसाला भूक कुठली लागतीय? आमच्या मामांना आठवडाभर नुसत्या सलाईनवर ठेवलेलं, माणूस नंतर हिंडाय-फिराय लागला. शुगर वाढतीय आणि वरनं डबे ओततायत, हे माझ्या डोक्यात शिरत न्हाई.

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ८:२०

आत्ताच ड्युटी संपवून आले, म्हणून थोडक्यात. आयसीयूत स्टाफ नर्स आहे.

निपाणीकरदादा, मामांच्या सलाईनमध्ये काय होतं ते विचारा एकदा. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या एका लिटरमध्ये ५० ग्रॅम ग्लुकोज असतं. म्हणजे साखर जातच होती. प्रथिनं, फॅट, जीवनसत्त्वं मात्र काहीच जात नव्हतं. त्यातून मिळतात जेमतेम १७० कॅलरी.

मलप्रभाकाठदादा, स्वतःहून "फीड बंद करा" असा आग्रह धरू नका. कुणी नातेवाईक असं बोलले की आम्हाला डॉक्टरांना कळवावं लागतं, आणि राउंडची दोन मिनिटं त्यावरच जातात. बाकी झोपून उठल्यावर लिहिते.

भूलतज्ज्ञ | मंगळवार, दुपारी २:१५

मूळचा चिकोडीचा, आयसीयूत काम करतो. तुमच्या आबांवर उपचार त्यांचे डॉक्टर करताहेत, तेव्हा डोस वगैरे इथून सांगणार नाही. पण प्रश्न योग्य आहेत आणि उत्तर दोन मिनिटांत मावणारं नाही.

पहिली गोष्ट. एवढ्या आजारात शुगर वाढायला नळीतलं अन्न लागतच नाही. कॉर्टिसॉल, ॲड्रिनॅलिन, ग्लुकागॉन ही संप्रेरकं चढलेली असतात. यकृत स्नायूंमधल्या प्रथिनांपासून ग्लुकोज बनवत सुटतं आणि स्नायू इन्सुलिनला दाद देत नाहीत. तोंडात अन्नाचा कण नसलेल्या रुग्णाचीही शुगर २०० च्या वर गेलेली आम्ही नेहमी बघतो. त्यात बीपीसाठी नॉरॲड्रिनॅलिन चालू असेल आणि सेप्टिक शॉकमध्ये (जंतुसंसर्गानं बीपी कोसळतं तेव्हा) देतात ते हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड (दिवसाला २०० मिलिग्रॅम) चालू असेल, तर आकडा आणखी चढतो. फीड बंद केलं तर तो थोडा उतरेलही, पण यकृत थांबत नाही. ते स्नायू मोडून साखर बनवत राहतं. व्हेंटिलेटर काढायच्या दिवशी श्वास ओढायला लागतात ते हेच स्नायू.

म्हणून आता बहुतेक ठिकाणी २४ ते ४८ तासांच्या आत नळीतून थोडं थोडं सुरू करतात. याला अपवाद आहेत, त्यातला एक मोठा. बीपी अजून हाताबाहेर असेल, औषधाचा डोस वाढतच असेल, तर थांबतात. आतड्याला रक्त पुरत नसताना त्यात अन्न ढकललं तर आतडं काळं पडण्याचा धोका असतो. फ्रान्समधल्या न्यूट्रिरिया-२ या अभ्यासात (२०१८) शॉकमधल्या रुग्णांना लवकर पूर्ण नळीचं अन्न दिल्यावर आतड्याच्या या गुंतागुंती जास्त दिसल्या होत्या.

आता मिरजेच्या पाहुण्यांचं ११०. त्यांना दोष देऊ नका. काही वर्षं आम्हीही त्याच आकड्यामागे धावत होतो. २००१ मध्ये बेल्जियममधल्या ल्युव्हेन इथं ग्रीट व्हान डेन बर्घ यांनी शस्त्रक्रियेनंतरच्या १५४८ आयसीयू रुग्णांवर अभ्यास केला. शुगर ८० ते ११० च्या दरम्यान घट्ट धरली, तर आयसीयूतले मृत्यू ८ टक्क्यांवरून ४.६ वर आले. जगभर इन्सुलिनचे पंप लागले. मग २००९ मध्ये नाइस-शुगर हा ६१०४ रुग्णांचा अभ्यास आला आणि चित्र उलटं झालं. घट्ट धरलेल्या गटात ९० दिवसांत २७.५ टक्के मृत्यू, १८० पर्यंत मोकळीक दिलेल्या गटात २४.९. शुगर ४० किंवा त्याखाली कोसळण्याचं प्रमाण ६.८ टक्के विरुद्ध अर्धा टक्का.

दोन्ही अभ्यास प्रामाणिक, मग फरक का? मला पटणारं एक मोठं कारण तुमच्याच प्रश्नात आहे: रुग्णाच्या पोटात आणि शिरेत काय चाललं होतं. ल्युव्हेनमध्ये पहिल्या दिवसापासून शिरेतून भरपूर ग्लुकोज आणि पोषण दिलं जात होतं. इन्सुलिनला काम होतं. नाइस-शुगरमध्ये बहुतेकांना नळीचं अन्न, तेही सुरुवातीला कमी आणि अडखळत. तेवढंच इन्सुलिन आणि अन्न थोडं, की शुगर पडणारच. पुढे २०२३ मध्ये ल्युव्हेनच्याच गटानं, शिरेतलं पोषण सुरुवातीला न देता आणि संगणकाच्या हिशेबानं इन्सुलिन देऊन, ९२३० रुग्णांवर पुन्हा तपासलं. यावेळी घट्ट धरून नुकसान झालं नाही, पण मृत्यूही कमी झाले नाहीत.

म्हणून साधारण रिवाज असा: १८० च्या वर टिकून राहिली तर इन्सुलिन सुरू करायचं आणि १४० ते १८० मध्ये ठेवायचं. १७० ला "ठीक आहे" म्हणणारा डॉक्टर लक्ष देऊनच बोलतोय.

एक विचारतो. एचबीएवनसी केलंय का?

मलप्रभाकाठ | मंगळवार, सायंकाळी ६:५०

डॉक्टर, फार आभार. पाहुण्यांना वाचून दाखवलं, ते आता गप्प आहेत (हे पण मोठंच काम झालं).

एचबीएवनसी आज विचारलं. दाखल केलेल्या दिवशीच केलेलं होतं, ७.४ आलंय. म्हणजे काय समजायचं? आणि स्टेरॉइडही चालू आहे म्हणाले.

भूलतज्ज्ञ | मंगळवार, रात्री ९:३०

६.५ च्या वर म्हणजे मधुमेह आधीपासूनच होता, तपासलेला नव्हता इतकंच. हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो, आठवड्याच्या आजारानं तो एवढा चढत नाही. रक्त चढवल्यावर किंवा मोठ्या ॲनिमियात तो फसवतो, पण तुमचा पहिल्याच दिवसाचा आहे. आपल्या भागात हे रोजचं आहे. "शुगर नाही" याचा अर्थ बहुतेक वेळा "कधी बघितली नाही". घरी गेल्यावर औषध कशाचं लागेल ते तेव्हा ठरेल, स्टेरॉइड थांबलं की इन्सुलिनची गरज बरीच उतरेल. तुमची आणि भावाचीही शुगर एकदा बघून घ्या.

टिळकवाडी_पेन्शनर | मंगळवार, रात्री १०:१०

चांगला धागा की वो. वाचनखूण साठवली.

अवांतर: सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्रानं महात्मा फुले योजना जाहीर केली, त्यात खानापूर तालुक्यातली गावं आहेत. इकडं आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक आहे. दोन सरकारं, दोन कार्डं, आणि काउंटरवर विचारलं तर…

व्यवस्थापक | मंगळवार, रात्री १०:४०

काका, सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे आणि तो तुमच्याच प्रतिसादांनी भरलाय. योजनांची माहिती तिथं लिहा. इथं नळी आणि शुगर.

आहारिका | बुधवार, सकाळी ११:३०

मी डाएटिशियन, माहेर हुक्केरीचं. त्या डब्याबद्दल मी लिहिते.

माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे मोडलेला स्टार्च. ते पाण्यात विरघळतं आणि बारीक नळीत अडकत नाही, म्हणून वापरतात. साध्या फीडमध्ये एका मिलिलिटरला एक कॅलरी आणि त्यातली निम्म्याहून थोडी जास्त कर्बोदकांतून. समजा माणूस ६० किलोचा आहे. किलोला २५ कॅलरी धरल्या तर दिवसाला १५००, म्हणजे १५०० मिली, तासाला साधारण ६२ मिली. त्यात दिवसभरात १९० ते २०० ग्रॅम कर्बोदकं जातात, तासाला आठ ग्रॅमच्या आसपास. हे आठ ग्रॅम लक्षात ठेवा, कारण इन्सुलिनचा पंप याच आठ ग्रॅमला धरून लावलेला असतो.

पहिल्या काही दिवसांत पूर्ण १५०० देतही नाहीत. सुरुवातीला गरजेच्या ७० टक्क्यांपर्यंतच जावं असं युरोपातल्या मार्गदर्शक सूचना म्हणतात, कारण यकृत स्वतःची साखर घालतच असतं. जास्त ओतून फायदा होत नाही हे तपासूनही झालंय. २०१८ च्या टार्गेट अभ्यासात जवळपास चार हजार रुग्णांत दीड कॅलरीचं फीड आणि एक कॅलरीचं फीड यांची तुलना केली. जगण्यात फरक नाही, इन्सुलिन मात्र दीडवाल्यांना जास्त लागलं. प्रथिनं मात्र कमी पडू देऊ नयेत, किलोला १.२ ग्रॅमच्या पुढे. तेही बेतानं: २.२ च्या वर नेऊन फायदा दिसला नाही, आणि किडनी बिघडलेल्यांत उलट नुकसान दिसलं.

मधुमेहींसाठीचं वेगळं फीड असतं. कर्बोदकं कमी, चांगलं फॅट आणि तंतू जास्त. त्यानं शुगर थोडी शांत राहते, इन्सुलिन कमी लागतं. पण माणूस त्यामुळे जास्त वाचतो असं सिद्ध झालेलं नाही. विचारायला हरकत नाही, भांडायला आहे.

आईंना सांगा, आंबील आत्ता नको. आंबील आंबवलेली असते, घट्ट असते, नळी चोंदते आणि प्रत्येक वेळी किती कॅलरी गेल्या ते सांगता येत नाही. आयसीयूतल्या माणसाला घरच्या भांड्यातला एखादा जंतूही महागात पडतो. आणखी एक, नाचणी म्हणजे शुगरला चालतेच हा समज. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ७० ग्रॅम कर्बोदकं असतात. धान्य चांगलंच आहे, पण पातळ करून नळीतून सोडलेली नाचणी शुगर वाढवतेच.

निपाणीकर | बुधवार, दुपारी १२:१५

ताई, डबे विकायचा धंदा बी बघितलाय आम्ही. एका दवाखान्यात डबा तिथल्याच मेडिकलमधनं घ्या म्हणून हट्ट. बाहेर तोच डबा बराच स्वस्त. शेतकरी माणूस रोजचा डबा कुठनं आणणार?

आहारिका | बुधवार, दुपारी १२:५०

हा राग खोटा नाही. डब्यावर नाव आणि घटक छापलेले असतात, तोच डबा पक्क्या बिलानं बाहेरून आणू का असं लेखी विचारा. बऱ्याच ठिकाणी चालतं. सरकारी दवाखान्यात काही ठिकाणी स्वयंपाकघरात दूध, तेल, सोयापीठ, साखर असं मोजून बनवलेलं फीड देतात. मोजलेलं आणि ताजं असेल तर ते टाकाऊ नाही. माझा विरोध अंदाजपंचे ओतण्याला आहे. पावडरचं फीडसुद्धा कालवल्यावर चार तासांच्या वर लटकवून ठेवायचं नसतं.

रात्रपाळी | बुधवार, सायंकाळी ५:००

सगळ्यांनी शुगर वाढण्याबद्दल लिहिलं. मला भीती पडण्याची वाटते, आणि ती कशी पडते ते नातेवाइकांना कुणी सांगत नाही.

आहारिकाताईंचे तासाला आठ ग्रॅम घ्या. इन्सुलिनचा पंप म्हणजे ५० मिली सलाईनमध्ये ५० युनिट ॲक्ट्रापिड, एका मिलीत एक युनिट. दर तासाला जीआरबीएस (बोटाच्या थेंबावरची शुगर), त्यावर पंप वरखाली. सगळं जुळलेलं असतं तोवर छान. मग सीटी स्कॅनचा नंबर लागतो. फीड बंद, कारण आडवं झोपवायचंय. खाली लिफ्टपाशी थांबणं, स्कॅन, परत येणं, फीड पुन्हा लावणं. आठ ग्रॅम थांबलेले असतात आणि पंप मात्र तासाला चार युनिटवर चालूच. असंच डायलिसिसला, ट्रकिओस्टॉमीच्या (श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडतात त्याच्या) आदल्या रात्री, पोट फुगून उलटी झाली की, पेशंटनं नळी ओढून काढली की. नवी नळी घातल्यावर एक्स-रेत जागा बघितल्याशिवाय फीड सोडत नाहीत (नळीत हवा मारून पोटावर कान लावायची जुनी पद्धत भरवशाची नाही, फुफ्फुसात गेलेली नळीही तसाच आवाज देते). या सगळ्या वेळात पोटात काही नाही.

शुद्धीतल्या माणसाला घाम फुटतो, हात थरथरतात, तो "गरगरतंय" म्हणतो. झोपेच्या औषधाखालचा माणूस काहीच म्हणत नाही. म्हणून आमच्याकडे फीड थांबलं की इन्सुलिनचं काय ते त्याच क्षणी डॉक्टरांना विचारायचं, असं शिकवलंय. बहुतेक वेळा पंप कमी किंवा बंद करतात आणि त्याच वेगानं दहा टक्के डेक्स्ट्रोज लावतात. तासाला ६२ मिली म्हणजे सहा ग्रॅम साखर, फीडच्या जवळपास. तरीही ७० च्या खाली गेली तर पंप लगेच बंद, २५ टक्के डेक्स्ट्रोज शिरेतून, पंधरा मिनिटांनी पुन्हा जीआरबीएस.

त्वचेखाली दिलेल्या इन्सुलिनचं आणखी अवघड. पंप बंद केला की शिरेतल्या ॲक्ट्रापिडचा परिणाम लवकर ओसरतो. टोचलेलं लांब पल्ल्याचं इन्सुलिन परत काढता येत नाही, आणि फीड तर कधीही थांबू शकतं.

दोन-दोन तासांनी २०० मिली सिरिंजनं देतात अशा वॉर्डांत आकडे वरखाली नाचतात. फीडनंतर अर्ध्या तासाची शुगर बघून घाबरू नका, ती कधी घेतली ते विचारा.

मलप्रभाकाठदादा, राउंडला एकच माणूस पुढे करा. त्यानं "शुगर किती?" हे विचारू नये, ती चार्टवर आहेच. काल किती फीड ठरलं होतं आणि प्रत्यक्षात किती गेलं, कितीदा थांबलं आणि कशामुळे, शुगर ७० च्या खाली गेली होती का, आणि पोटॅशियम किती आहे, हे विचारा. इन्सुलिननं पोटॅशियमही पेशीत ओढलं जातं, ते फार उतरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

मलप्रभाकाठ | गुरुवार, सकाळी ७:३५

रात्रपाळीताई, हे सगळं वहीत उतरवून घेतलं. काल ठरलेल्यातलं निम्मंच गेलं होतं, पोट फुगलं होतं म्हणाले. भाऊ "बंद करा" म्हणत होता ते आपोआपच झालं, तरी शुगर २१०.

दुसरी शंका. बोटातली शुगर १९२ आणि लॅबची त्याच वेळची १६४. कुठली धरायची?

भूलतज्ज्ञ | गुरुवार, दुपारी १:०५

लॅबची किंवा धमनीतल्या रक्ताची. हात सुजलेले, बीपीच्या औषधानं बोटं गार पडलेली, हिमोग्लोबिन कमी, असं असलं की बोटाचं मशीन चुकतं. हिमोग्लोबिन कमी असलं तर बरीच यंत्रं खऱ्यापेक्षा जास्त दाखवतात. १९२ बघून इन्सुलिन वाढवलं आणि खरी शुगर त्याहून बरीच खाली असली, तर ती पुढच्या तासात कुठं जाईल ते सांगायला नको. धमनीत नळी असेल तर तिथलं रक्त घ्यायला सांगता येतं. सलाईन चालू असलेल्या हाताचं रक्त मात्र नको, त्यात डेक्स्ट्रोज असलं तर आकडा आभाळाला टेकतो.

पोट फुगण्याबद्दल: पोटात थोडं साचलं म्हणून लगेच फीड थांबवायचं नाही, असंच आता आम्ही मानतो. उलटी, फुगारा नसेल तर ५०० मिलीपर्यंत साचलेलं चालवून घेतात. आधी वेग कमी करतात, डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच ठेवतात, मेटोक्लोप्रमाइडसारखं औषध देतात. चढलेली शुगर स्वतःही जठर मंदावते, म्हणजे हे दोन्हीकडून एकमेकांत अडकलेलं आहे.

याच संदर्भात आपल्या भागातलं एक लिहितो. ऊस, तंबाखू, द्राक्षाच्या पट्ट्यातून फवारणीच्या औषधाची विषबाधा झालेले रुग्ण येतात. ऑर्गनोफॉस्फेट विषबाधेत शुगर वाढते, कधी स्वादुपिंडालाही सूज येते. उपचार म्हणून ॲट्रोपिन मोठ्या प्रमाणात द्यावं लागतं, आणि त्यानं आतडं झोपतं. नळीतलं अन्न पुढे सरकतच नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं फीड दिलंय, शुगरही चढलीय, तेव्हा इन्सुलिन वाढवा. खरं तर अन्न जठरातच पडून असतं. अशा रुग्णात आम्ही फीड फार हळू वाढवतो आणि शुगरच्या आकड्यावर एकट्यानं विश्वास ठेवत नाही. त्यातून आधीचा दारूचा आणि अर्धपोटी राहण्याचा इतिहास असेल तर आणखी जपून. उपाशी शरीराला एकदम कर्बोदकं मिळाली की फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम धाडकन उतरतात. त्यांना आधी थायमिन (ब१ जीवनसत्त्व), मग थोडं थोडं फीड.

टिळकवाडी_पेन्शनर | गुरुवार, सायंकाळी ४:२०

विषयाला धरूनच विचारतो हां. मी मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन घेतो. उद्या मलाच आयसीयूत टाकलं तर या गोळ्या नळीतून चुरून देतात काय?

भूलतज्ज्ञ | गुरुवार, रात्री ८:४५

नाही काका, सहसा दोन्ही थांबवतात. किडनी, बीपी बिघडलं की मेटफॉर्मिननं लॅक्टिक ॲसिड साचू शकतं. डापाग्लिफ्लोझिनचा धोका वेगळा आणि फसवा आहे. उपाशी किंवा फार आजारी असताना त्यावर शुगर १८० च असते, आणि रक्तात कीटोन (चरबी जळून होणारी आम्लं) साचून ॲसिडोसिस, म्हणजे रक्त आम्लधर्मी, झालेला असतो. शुगर बरी म्हणून कुणी बघत नाही. ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी ही गोळी किमान तीन दिवस थांबवतात. दवाखान्यात जाताना गोळ्यांची पाकिटंच बरोबर न्या. "शुगरची पांढरी गोळी" म्हणून आम्हाला काही कळत नाही.

सातेरी | गुरुवार, रात्री १०:३०

नेहमीची वाचक, पहिल्यांदाच लिहितेय. सासूबाईंना अर्धांगवायूनंतर नळीवरच घरी सोडलंय, आम्ही नंदगडजवळ राहतो. सकाळ-संध्याकाळ मिक्स इन्सुलिन आहे. परवा इन्सुलिन टोचलं, फीड दिलं आणि सगळं उलटून पडलं. तासाभरानं अंग गार, हाक मारली तर ओ नाही, शुगर ५२. शेजारच्या सिस्टर होत्या म्हणून निभावलं. घरी हे कसं सांभाळायचं?

रात्रपाळी | शुक्रवार, सकाळी ९:००

वैनी, वर लिहिलं तेच घरी जास्त लागू आहे, कारण घरी इन्सुलिन पंपातून नाही, टोचून असतं, आणि टोचलेलं परत काढता येत नाही.

आधी नळीची नाकापाशी केलेली खूण जागेवर आहे का बघा, सरकलेली असेल तर काहीही घालू नका. मग २०–३० मिली पाणी घालून ठसका, उलटी नाही ना ते बघा. इन्सुलिन केव्हा टोचायचं ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. आणि "फीड निम्मं गेलं तर डोस किती, उलटी झाली तर काय" हेही त्याच कागदावर. हा कागद बहुतेक दवाखाने मागितल्याशिवाय देत नाहीत.

७० च्या खाली गेली आणि नळी जागेवर असेल तर तीन-चार चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात विरघळवून नळीतूनच द्यायची, तोंडातून नको, फुफ्फुसात जाईल. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. नळी निघालेली असेल किंवा आजी हाकेला ओ देत नसतील तर वाट बघू नका, १०८ ला फोन करा. फीड देताना आणि नंतर तासभर पाठ उंच ठेवायची.

आहारिका | शुक्रवार, दुपारी १२:२०

सातेरी, घरच्या फीडचं मोजमाप पाठवा, मी बघते. एका वेळी २०० ते २५० मिली, आणि दर वेळी कर्बोदकं साधारण सारखी हवीत. सकाळी नुसतं ताक आणि दुपारी साखर घातलेली पेज असं झालं की इन्सुलिनचा ताळमेळ कसाही लावला तरी बसत नाही. चोथा राहील असं काही घालू नका.

सातेरी | शुक्रवार, दुपारी २:४०

पाठवते ताई. नाचणी, मुगाची डाळ, दूध आणि ताक एवढंच असतं. आईंना चव कळत नाही हे माहीत आहे, तरी ताकात जिरं-मीठ घालायची सवय सुटत नाही. चालेल का?

आहारिका | शुक्रवार, दुपारी ३:१०

जिरं वाटून, बारीक कापडातून गाळून घातलं तर चालेल. मीठ त्यांच्या बीपीच्या डॉक्टरांना विचारून. फोडणी मात्र नको, तेलातली मोहरी नळीत बसली की ती नळी बदलावीच लागते.